नववा दिवस

माझा भाऊ स्टेनार फारसा बोलत नाही. आई गेली तेव्हा तो अकरा वर्षांचा होता आणि मी आठ. त्यानंतर आमच्या घरात बोलायचं काम माझ्याकडे आलं आणि गप्प राहायचं त्याच्याकडे. बाबा बोटीवर असत. संध्याकाळी आम्ही दोघं वाळवलेल्या मासळीचे तुकडे लोण्यात बुडवून खायचो, मी शाळेतल्या गमती सांगायची आणि तो खिडकीतून बंदराकडे बघत बसायचा. ऐकत असायचा, पण उत्तर नाही.

अठ्ठ्याहत्तर सालच्या ऑक्टोबरात तो तेवीस वर्षांचा होता आणि गुडब्रांडुरच्या बोटीवर खलाशी होता. गुडब्रांडुर म्हणजे आमच्या बंदरातला सगळ्यात धाडसी तांडेल. त्या वर्षी हेरिंगच्या हंगामात त्याने एक वेगळंच काम अंगावर घेतलं. परदेशातल्या मत्स्यालयांना जिवंत ऑर्का हवे होते, लहान वयाचे. आमच्याकडे या देवमाशाला ‘उंच शिंगाचा’ म्हणतात, पाठीवर उभ्या राहणाऱ्या काळ्या परामुळे. तोवर तो आमचा वैरीच होता. जाळी फाडायचा, आमच्या तोंडची मासळी खायचा. बंदरात कोणाला त्याची दया नव्हती. मलाही नव्हती, हे सांगून टाकते.

त्यांनी एका अख्ख्या कुटुंबाभोवती जाळं टाकलं. सात-आठ जण होते. मोठ्यांसाठी जाळ्याची एक बाजू खाली करून वाट दिली आणि दोन पिल्लं तेवढी आत ठेवली. मोठे बाहेर पडले, पण गेले नाहीत. बोटीच्या मागोमाग बंदराच्या तोंडापर्यंत आले आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तिथेच फिरत राहिले. मी मासळीच्या कारखान्यात कामाला होते. जेवणाच्या सुट्टीत आम्ही पोरी धक्क्यावर बघायला गेलो. माझ्या शेजारची म्हणाली, “शाळा सुटली वाटतं. आया न्यायला आल्यात.” आम्ही सगळ्या हसलो. मीही हसले.

पिल्लांना ट्रकवर घालून राजधानीजवळच्या एका मत्स्यालयात नेलं. तिथे रस्त्याकडेला सिमेंटचे दोन हौद होते. परदेशी पाठवण्याआधी त्यांना तिथे ठेवायचं आणि मेलेली मासळी खायला लावायचं. कारण समुद्रातला ऑर्का मेलेल्या माशाला तोंड लावत नाही, आणि मत्स्यालयात जिवंत हेरिंग कुठून आणणार? स्टेनारला पाणबुड्याचं काम येत होतं म्हणून गुडब्रांडुरने त्याला तिकडे धाडलं.

तिथल्या व्यवस्थापकाने पहिल्याच दिवशी सांगितलं, “दहा दिवस. दहा दिवसांत खाल्लं तर आपलं. नाही तर परत समुद्रात सोडायचं. उपाशी मेलं तर पेपरवाले माझी सालटी काढतील.”

एका हौदात नर होता, दुसऱ्यात मादी. मादी लहान होती, अडीच-तीन वर्षांची. दोघांनीही तोंड उघडलं नाही. नर भिंतीला अंग घासत गोल गोल फिरायचा. मादी एका कोपऱ्यात नुसती तरंगायची. स्टेनार रबराचा पोशाख चढवून तिच्या हौदात उतरायचा आणि कमरेएवढ्या पाण्यात तासन् तास उभा राहायचा. तिला त्याने नाव ठेवलं नाही. नुसतं ‘पोरी’ म्हणायचा. हे मला माहीत आहे, कारण तिसऱ्या-चौथ्या दिवशी त्याने मला फोन केला. आयुष्यात पहिल्यांदा आपण होऊन.

“स्वानलौग,” तो म्हणाला, “ती माझा हात ओळखायला लागलीय.”

“खाल्लं का काही?”

“नाही. ओठाला मासा लावला की तोंड फिरवते.”

“मग तू काय करतोस तिथे दिवसभर?”

“बोलतो तिच्याशी,” तो म्हणाला. मला वाटलं थट्टा करतोय. पण स्टेनार थट्टा करत नाही.

नवव्या दिवशी त्याने एका हेरिंगच्या शेपटीला बारीक नायलॉनचा दोरा बांधला आणि पाण्याखालून ओढला, असा की मासा वळला, थबकला, पुन्हा निसटला. मादी कोपऱ्यातून निघाली आणि तिने तो गिळला. मग दुसरा. तिसऱ्याला दोरा नव्हता. तोही तिने घेतला, त्याच्या हातातून. संध्याकाळपर्यंत वीस किलो मासळी खाल्ली. व्यवस्थापकाने त्याला मिठी मारली.

नराने शेवटपर्यंत काही खाल्लं नाही. अकराव्या दिवशी त्याला क्रेनने उचलून बोटीवर घातलं आणि लांब नेऊन पाण्यात सोडलं. स्टेनार त्या बोटीवर होता. तो नर आधी जागच्या जागी फिरला, मग ओरडला, मग सरळ रेषेत उत्तरेकडे गेला. त्याचं पुढे काय झालं, कोणाला ठाऊक नाही.

मादी फ्रान्सला गेली. दक्षिणेच्या किनाऱ्यावर एका पार्कात तिच्यासाठी तलाव बांधला होता. विमानात ती झोळीत टांगलेली, अंगावर ओल्या चादरी, आणि स्टेनार तिच्या डोक्याशी बसून तिच्या पाठीवर मलम चोळत होता. तलावात सोडल्यावर तो काठाने जिकडे गेला तिकडे ती भिंतीला अंग चिकटवून येत राहिली. पार्कवाल्यांनी त्याला तिथेच नोकरी देऊ केली. तो दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आला.

“का रे नाही म्हणालास?” मी विचारलं होतं.

“फार ऊन होतं,” तो म्हणाला. तेवढंच.

त्यानंतरची पंचेचाळीस वर्षं सांगण्यासारखी नाहीत. तो कधी पुन्हा गुडब्रांडुरच्या बोटीवर गेला नाही. कारखान्यात बर्फाच्या यंत्रावर काम केलं, बाबांना शेवटपर्यंत सांभाळलं, त्याच घरात एकटा राहिला. एक बाई दोन हिवाळे येत-जात होती. मग तीही येईनाशी झाली. मी शाळेत फ्रेंच शिकवायला लागले, लग्न केलं, दोन मुली झाल्या. रविवारी त्याला जेवायला बोलवायचो. तो यायचा, मटणाचं सूप दोनदा घ्यायचा, भांडी घासायचा आणि जायचा.

एक्क्याण्णव साली आम्ही चौघं सुट्टीला फ्रान्सला गेलो तेव्हा मी मुलींना त्या पार्कात नेलं. आता तिचं नाव एत्वाल होतं, म्हणजे तारका. कर्ण्यावर गाणं लागलं आणि ती पाण्याबाहेर उसळली, दोन माणसांना पाठीवर घेऊन फिरली, शेपटीने पहिल्या चार रांगा भिजवल्या. माझ्या मुली किंचाळत होत्या. मीही टाळ्या वाजवल्या. परत आल्यावर मी स्टेनारला सगळं रंगवून सांगितलं. चांगली गुबगुबीत झालीय, लोक जीव टाकतात तिच्यावर, तिला एक पिल्लूसुद्धा होणार आहे.

त्याने एवढंच विचारलं, “पाठीवरचा पर?”

तो पर एका बाजूला कलंडला होता, पाण्यात भिजलेल्या पुठ्ठ्यासारखा. मी म्हणाले, “उभा आहे.”

दोन हजार तेवीस सालच्या डिसेंबरात मला फ्रान्सहून फोन आला. माएल नावाची बाई होती, त्या पार्कातली जनावरांची डॉक्टर. ऑर्कांचे खेळ बंद करायचा कायदा झाला होता, पार्कही बंद पडलं होतं. मागे उरली होती एत्वाल आणि तिचा मुलगा, तिथेच जन्मलेला. नोव्हेंबरात तो मुलगा मेला. तेव्हापासून एत्वालने खाणं कमी केलं आणि गेल्या आठवड्यापासून पूर्ण सोडलं. जुने कागद चाळताना माएलला स्टेनारचं नाव दिसलं होतं. ‘याच्या हातून पहिल्यांदा खाल्लं’ असं कोणीतरी लिहून ठेवलं होतं. त्याचा शोध घेत ती माझ्यापर्यंत पोहोचली होती.

“तुमचे भाऊ हयात आहेत का?” तिने विचारलं.

मी त्याच्या घरी गेले आणि सांगितलं. त्याने पाण्याचा नळ बंद केला, हात पुसले आणि विचारलं, “विमान कधी आहे?”

मी सोबत गेले. त्याला फ्रेंच येत नव्हतं, आणि माझे यजमान जाऊन तीन वर्षं झाली होती. घरी कोणी वाट बघणारं नव्हतं.

पार्कात चार माणसं उरली होती. आइस्क्रीमची दुकानं फळ्या मारून बंद, बाकांवर पाइनच्या काड्यांचा थर, आणि वाऱ्यावर एक सैल पत्रा दिवसभर वाजत होता. माएल पस्तिशीची, बारीक, डोळ्यांखाली काळं. तिने आम्हाला थेट तलावाकडे नेलं.

पाणी हिरवट झालं होतं. एत्वाल पलीकडच्या टोकाला, शेजारच्या तलावाच्या लोखंडी दारासमोर तरंगत होती. मुलगा त्या तलावात असायचा, माएल म्हणाली. आता तो रिकामा होता. स्टेनार काठावर उभा राहिला. मला वाटत होतं, आता ती वळेल, येईल. ती वळली नाही. बऱ्याच वेळाने तिने एकदा आमच्या बाजूला डोळा केला आणि पुन्हा दाराकडे तोंड केलं.

“ओळखलं नाही,” मी हळूच म्हणाले.

“का ओळखावं?” स्टेनार म्हणाला. मग माझ्याकडे न बघता, “तू म्हणाली होतीस पर उभा आहे.”

मी कोटाची बटणं लावायला लागले.

दुपारी आम्ही माएलच्या ऑफिसात बसलो. मी मधे बसून दोघांचं बोलणं एकमेकांना सांगत होते. तिने विचारलं, “पहिल्या वेळी तुम्ही तिला कसं खायला लावलंत?”

“फसवून,” स्टेनार म्हणाला आणि दोऱ्याचं सांगितलं.

“मग पुन्हा तसंच करून बघू या. उद्या सकाळी?”

“नाही.”

मी सांगायच्या आधीच तिला ते कळलं. “नाही म्हणजे?”

“दुसऱ्यांदा नाही फसवणार.”

माएल उठून उभी राहिली. “हे बघा, तुमच्या मनाला काय लागलंय ते मला माहीत नाही. मला फक्त एवढं दिसतंय की तिथे एक जनावर उपाशी मरतंय. तुम्हाला पश्चात्ताप करायला सवड आहे. मला नाही. मी रोज तिचं रक्त काढते!”

स्टेनारने शांतपणे विचारलं, “तिने खाल्लं तर तुम्ही तिला नेणार कुठे?”

ती खुर्चीत बसली. “दूर पूर्वेकडच्या एका देशातलं पार्क घ्यायला तयार आहे. तिथे खेळ अजून चालतात. एका खाडीत जाळं लावून जागा करायचं चाललंय, पण ते कागदावर आहे. नाहीतर इथेच.”

“आणि खुला समुद्र?”

“दात झिजून मुळापर्यंत गेलेत. शिकार करता येत नाही. आठवड्यात मरेल.” तिने चेहऱ्यावरून हात फिरवला. “मला माहीत नाही हो, कुठे न्यायचं ते. खरंच माहीत नाही. मी इथे आले तेव्हा मला वाटलं होतं, हे माझं स्वप्नातलं काम.”

स्टेनार म्हणाला, “मी मासा हातात धरून उभा राहीन. हलवणार नाही. घ्यायचा तर ती घेईल.”

दुसऱ्या दिवसापासून तो तलावातल्या उथळ पायरीवर उतरायला लागला. अडुसष्ट वर्षांचा माणूस, जानेवारीच्या पाण्यात, सकाळी दोन तास आणि दुपारी दोन तास. हातात एक हेरिंग, पाण्याखाली स्थिर धरलेली. मी काठावर बाकावर बसायची, अंगाभोवती कोट घट्ट ओढून. पहिले दोन दिवस ती जागची हलली नाही. तिसऱ्या दिवशी आली, त्याच्या पोटाशी डोकं आणलं, माशाचा वास घेतल्यासारखं थांबली आणि निघून गेली. चौथ्या दिवशी तिने मासा तोंडात धरला, तलावाच्या मध्यावर नेला आणि सोडून दिला. तो तळाशी बसला. स्टेनार तसाच उभा होता.

“बोल ना तिच्याशी,” मी वरून म्हणाले. “तेव्हा बोलायचास.”

“तेव्हा आपण तिला दुसरं कोणी ऐकायला ठेवलंच नव्हतं, म्हणून ऐकायची,” तो म्हणाला.

त्या संध्याकाळी भाड्याच्या खोलीत आम्ही ब्रेड आणि डब्यातले सार्डिन मासे खात बसलो होतो. त्याने चाकू खाली ठेवला.

“व्यवस्थापक दहा दिवस म्हणाला होता. एक दिवस राहिला होता. मी काही केलं नसतं तर तिला सोडली असती.”

“तुला वाटलं असेल, ती मरेल.”

“नाही, स्वानलौग. तसं सगळ्यांना सांगत आलो. ती धडधाकट होती, आणखी आठवडा सहज निघाला असता. मला माहीत होतं.” त्याने ब्रेडचा चुरा गोळा केला. “ती गेली असती तर मी परत बोटीवर गेलो असतो. बाबांच्या घरी. तिथे माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. आणि तिकडे मी हौदात उतरलो की ती यायची. मला ती हवी होती. म्हणून दोरा बांधला.”

“आणि मग तिला इथे टाकून एका दिवसात परत आलास?”

“ती काठाने माझ्यामागून यायला लागली ना, तेव्हा कळलं काय करून बसलो ते. इथे थांबलो असतो तर रोज बघावं लागलं असतं.”

मला त्याचा हात धरावासा वाटला. पण आमच्या घरात ती पद्धत नाही. मी त्याच्या ताटात आणखी एक सार्डिन वाढला.

सहाव्या दिवशी दुपारी आम्ही कोपऱ्यावरच्या हॉटेलात जेवायला गेलो होतो. माएल धावत आली, हातमोजे तसेच, मासळीचा वास सुटलेला. “खाल्लं! आत्ता! मी बादली धुवायला गेले होते, ती माझ्याजवळ आली. चार किलो खाल्लं!”

“माझ्या हातून नाही?” स्टेनारने विचारलं.

“नाही. माझ्या.”

तो हसायला लागला. मोठ्याने, खांदे हलवत. शेजारच्या टेबलावरचे लोक वळून बघत होते. मी त्याला असं हसताना आई असताना पाहिलं होतं, त्यानंतर नाही.

मी आठवड्याने घरी परतले. तो राहिला, कामापुरते फ्रेंच शब्द मी त्याला शिकवून ठेवले होते. तीन महिन्यांचं म्हणता म्हणता वर्ष झालं. पूर्वेकडच्या पार्काला न पाठवण्यासाठी माएल कागदपत्रांशी भांडत होती. खाडीतल्या जागेची परवानगी दर महिन्याला पुढे जात होती. स्टेनार रोज सकाळी पार्कात जायचा, तलावाची भिंत घासायचा, मासळी वितळवायचा, आणि मग काठावर बसायचा. ती कधी त्याच्यापाशी यायची, बहुतेक वेळा यायची नाही. बराच वेळ त्या लोखंडी दारासमोरच असायची. त्याने एकदा माएलला विचारून ते दार उघडायला लावलं. ती रिकाम्या तलावात गेली, सगळीकडे फिरली आणि परत येऊन दारातच थांबली.

रविवारी तो मला फोन करायचा. “आज तीस किलो,” म्हणायचा. किंवा, “आज नाही.” मग दोघंही थोडा वेळ फोन धरून बसायचो. मी एकटीच होते, तोही एकटाच होता. फोनवर शांत बसायला आम्हाला अवघड जात नव्हतं.

पंचवीसच्या मार्चमध्ये, एका सकाळी, ती तळाशी गेली आणि वर आली नाही. माएलने सांगितलं, आतड्याला पीळ पडला होता. खाडीची परवानगी तेव्हाही आली नव्हती. स्टेनारला तिला समुद्रात सोडायचं होतं, निदान मेल्यावर तरी. कायद्यात बसलं नाही. ट्रक येऊन तिला तपासणीसाठी घेऊन गेला. त्याने ताडपत्री नीट ओढून दिली, माएलच्या खांद्यावर हात ठेवला आणि दोन दिवसांनी घरी आला.

मी त्याला बसवरून घ्यायला गेले. गाडीत बसल्यावर तो म्हणाला, “पोहायला जाऊ या का?”

आमच्या गावात सगळ्या बातम्या तरणतलावाच्या बाजूच्या गरम पाण्याच्या कुंडात फिरतात. सकाळी आठच्या सुमाराला सात-आठ म्हातारी माणसं गळ्यापर्यंत पाण्यात बसलेली असतात. त्या दिवशी गुडब्रांडुरही होता, सत्त्याऐंशी वर्षांचा, डोक्यावर लोकरीची टोपी.

“काय रे फ्रेंच माणसा,” तो स्टेनारला म्हणाला. “आमच्यासाठी वाइन आणलीस का?”

सगळे हसले. स्टेनार त्याच्यासमोर बसला आणि सांगायला लागला. त्याने पहिल्यापासून सगळं सांगितलं. बंदराच्या तोंडाशी थांबलेले मोठे ऑर्का, दहा दिवसांची मुदत, दोरा, विमान, तो हिरवा तलाव. शेवटी म्हणाला, “मी तिला मुद्दाम ठेवून घेतलं.” मी त्याला सलग इतकं बोलताना कधी ऐकलं नव्हतं.

गुडब्रांडुर म्हणाला, “काळच तसा होता, स्टेनार. आम्हाला कुठे ठाऊक होतं?”

“त्यांच्या आया दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत थांबल्या होत्या,” स्टेनार म्हणाला. “आपण सगळ्यांनी बघितलं.”

गुडब्रांडुरने टोपी नीट केली. मग कठडा धरून सावकाश उठला, पायऱ्या चढला आणि कपडे बदलायच्या खोलीकडे गेला. त्याच्या पाठीवरून पाण्याची वाफ निघत होती. बाकीचेही एकेक करून उठले. कोणाला दुकान उघडायचं होतं, कोणाचे गुडघे दुखत होते.

गुडब्रांडुर आता दुपारी येतो म्हणे. बाकीच्यांनीही वेळ बदलली. मी आणि स्टेनार मात्र आठलाच जातो. बहुतेक दिवशी कुंडात आम्ही दोघंच असतो. मी गावातल्या गोष्टी सांगते. तो डोंगराकडे बघत ऐकतो, आणि हल्ली मधूनच एखादं वाक्य बोलतो.